संगणकाच्या दारावरील विचारपूस

आपल्या शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांनी पेनड्राइव्ह पाहिला आहे, आणि पुष्कळांनी तो हाताळलाही आहे. भेस्तान, पांडेसरा, उधना, सचिन या पट्ट्यात राहणाऱ्या कुटुंबांना तर या बोटभर वस्तूची चांगलीच ओळख आहे. संगणकीय भरतकामाच्या यंत्रावर साडीची जी नक्षी उमटते, ती नक्षी काढणाऱ्याच्या दुकानातून कारखान्यापर्यंत बहुधा पेनड्राइव्हमधूनच येते. प्रवेश-अर्ज छापून आणावयाचा असो, बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे काकांस द्यावयाची असोत, अथवा विज्ञान-प्रदर्शनाचा तक्ता करावयाचा असो, खिशातून पेनड्राइव्ह निघतो, खोबणीत बसतो आणि दोन क्षणांत पडद्यावर त्याचे नाव झळकते. हे इतके अंगवळणी पडले आहे की, संगणकाला ‘कोणीतरी आले’ हे कळले कसे, असा प्रश्न आपल्या मनात उभाच राहत नाही.

प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. नवे उपकरण जोडले गेले हे संगणकास कसे समजते, ती वार्ता आपल्याही कानी यावी म्हणून त्याच्या अंतर्भागात एक लहानसा कार्यभाग कसा लिहितात, आणि आलेल्याची ओळख पटणे व त्याच्यावर विश्वास ठेवणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे क्रमाने पाहू. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. विजेचे गणित हा आमचा प्रांत नव्हे. परंतु ज्याला वाक्य पदच्छेद करून वाचता येते, त्याला हा विषयही वाचता येतो, अशी आमची खात्री आहे. कारण येथेही अखेर प्रश्न आणि उत्तरे यांचाच व्यवहार आहे.

प्रथम थोडा इतिहास. १९९० च्या सुमारास संगणकाच्या पाठीमागे पाहिले असता खोबण्यांची एक जत्राच भरलेली दिसे. कीबोर्डाची खोबण वेगळी, माऊसची वेगळी, छपाईयंत्राची रुंद आणि अनेक टाचण्यांची. नवे उपकरण जोडावयाचे तर पुष्कळदा संगणक बंद करावा लागे, त्याची पेटी उघडावी लागे, आणि पुन्हा चालू केल्यावर उपकरणाची माहिती हाताने भरावी लागे. सामान्य कुटुंबाला ही कटकट नको, सर्वांना एकच खोबण असावी आणि ती चालू यंत्रावरही वापरता यावी, या ध्यासातून यूएसबीचा जन्म झाला. पुढे जगातील सात मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली. या कामातील एक प्रमुख नाव अजय भट्ट यांचे आहे.

आपण गुजरातेत राहतो आणि मराठीत शिकतो. म्हणून भट्ट यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्यांनी वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९८० मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेचे मूळ आहे कलाभवन ही संस्था. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी ती १८९० मध्ये स्थापिली, आणि तिचे आद्य प्राचार्य होते सुरतेचे सुपुत्र त्रिभुवनदास गज्जर. भारतीय चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके यांनीही याच कलाभवनात धडे गिरविले. मराठी राजाने लावलेल्या आणि सुरतेच्या शिक्षकाने शिंपलेल्या त्या रोपाच्या सावलीत शिकलेल्या विद्यार्थ्याचा हात आज जगातील घराघरांतील खोबणीला लागला आहे. २०१३ मध्ये युरोपीय संशोधक पुरस्कार भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळून देण्यात आला. हे एकट्याचे काम नव्हते, हेही त्यावरून ध्यानात यावे.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. जुन्या चपट्या यूएसबी खटक्याच्या आत डोकावून पाहा. चार पितळी पट्ट्या दिसतील. त्यांपैकी कडेच्या दोन किंचित पुढे आलेल्या आणि मधल्या दोन किंचित मागे असतात. कडेच्या पट्ट्या विजेच्या आहेत: एक ५ व्होल्टची आणि दुसरी परतीची. मधल्या दोन संदेशाच्या. कडेच्या पट्ट्या लांब ठेवण्यात मोठे शहाणपण आहे. खटका आत सरकत असताना प्रथम वीज पोचते आणि मग संदेशाच्या तारा जुळतात. घरी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी द्यावे आणि मग बोलणे काढावे, तसाच हा शिष्टाचार.

पाहुणा आल्याचे कळते ते असे. संगणकाच्या बाजूने संदेशाच्या दोन्ही तारा मोठ्या विद्युत्-रोधांनी खाली ओढून धरलेल्या असतात. म्हणून खोबण रिकामी असताना दोन्ही तारांवरील दाब जवळजवळ शून्य असतो. उपकरण आत येताच ते दोहोंपैकी एक तार सुमारे दीड हजार ओहमच्या रोधामधून वर ओढते. तो दाब वाढलेला दिसला की खोबणीचा कारभार पाहणारा भाग, ज्याला हब म्हणतात, ‘माझ्या दारी हालचाल झाली’ अशी खूण करतो. यात आणखी एक माहिती आपोआप मिळते. पहिली तार वर गेली तर उपकरण पूर्ण वेगाचे, म्हणजे सेकंदाला १ कोटी २० लक्ष बिटांचे. दुसरी वर गेली तर मंद वेगाचे, म्हणजे १५ लक्ष बिटांचे. माऊस आणि कीबोर्ड पुष्कळदा या दुसऱ्या वर्गात मोडतात. २००० साली आलेल्या यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीतील शीघ्र उपकरणे प्रथम पूर्ण वेगाची म्हणूनच पुढे येतात आणि नंतर आपली खरी गती सांगतात.

येथे संगणक घाई करीत नाही. खटका बसवताना हात थरथरतो, पट्ट्या क्षणभर जुळतात आणि सुटतात. म्हणून सुमारे एक दशांश सेकंद जोडणी स्थिर राहिली की नाही ते पाहून मगच तो पुढचे पाऊल टाकतो. मग तो उपकरणाला ‘पूर्वीचे सारे विसरून नव्याने उभा राहा’ अशी आज्ञा देतो. त्यानंतर विचारपूस सुरू होते.

या विचारपुशीचा पहिला नियम असा की, उपकरणाने आपण होऊन बोलावयाचे नाही. यूएसबीच्या पहिल्या दोन्ही आवृत्त्यांत संगणक विचारील तेव्हाच उपकरण उत्तर देते. दुसरा नियम असा की, नव्याने उभ्या राहिलेल्या प्रत्येक उपकरणाचा पत्ता शून्य असतो. यास्तव एका मार्गावर एका वेळी एकाच नव्या पाहुण्याची चौकशी होते. दोघे एकदम शून्य पत्त्यावर उभे राहिले तर उत्तर कोणाचे, हेच कळणार नाही. थोडी चौकशी झाली की संगणक त्यास १ ते १२७ यांमधील एक मोकळा क्रमांक देतो. तेव्हापासून तो त्याचा पत्ता.

आमच्या कोंकणी मायबोलीत अनोळखी माणसाला पहिला प्रश्न असतो, ‘तूं खंयचो?’ म्हणजे तू कुठला? नावगाव, कूळ, काय कामाने येणे केले, ही चौकशी त्यामागून येते. संगणकाची पद्धत हुबेहूब हीच आहे. तो उपकरणाकडे एक ओळखपत्र मागतो. ते अवघे १८ बाइटांचे असते; आपल्या लिपीत तर एक आडवी ओळसुद्धा त्यात मावणार नाही. पण त्यात पुष्कळ काही सामावलेले असते. निर्मात्याचा क्रमांक, म्हणजे उपकरण ‘खंयचे’ हे. वस्तूचा क्रमांक, म्हणजे त्या निर्मात्याच्या घरातील हे कितवे अपत्य ते. आणि अनेकदा त्याचा वर्ग, म्हणजे व्यवसाय. या वर्गालाही ठरलेले आकडे आहेत. माणसाच्या हाताने चालणारी कीबोर्ड-माऊससारखी साधने तिसऱ्या वर्गात, छपाईयंत्रे सातव्या वर्गात आणि पेनड्राइव्हसारखी साठवणीची साधने आठव्या वर्गात येतात. काही उपकरणे हा आकडा पहिल्या पत्रात न देता पुढच्या तपशिलात देतात. शिवाय आपणास किती वीज लागेल हेही उपकरण सांगते. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीत चौकशी पूर्ण होईतो पाहुण्याने १०० मिलिअँपिअरांवर भागवावयाचे आणि मान्यता मिळाल्यावर ५०० पर्यंत मागावयाचे, अशी मर्यादा आहे.

ही विचारपूस करतो कोण? संगणक चालविणाऱ्या प्रणालीचा सर्वांत आतला भाग, ज्यास कर्नेल म्हणतात. या शब्दाचा सैन्यातील कर्नलाशी काही संबंध नाही. कर्नेल म्हणजे फळाच्या कठीण कवचाच्या आतील गर. चित्रे दाखविणारा, गाणी वाजविणारा, पत्रे लिहिणारा असा प्रत्येक कार्यक्रम बाहेरच्या ओसरीवर बसतो. स्मृती, तबकडी, तारा आणि खोबण्या यांना हात लावण्याचा अधिकार फक्त या गाभ्याचा. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स याने १९९१ मध्ये अशा एका गाभ्याचे काम जगापुढे मांडले. त्याचे नाव लिनक्स. त्याची संपूर्ण संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि इतरांस देता येते. आपल्या घरातील अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या पोटातही हाच गाभा चालतो. म्हणून शिकू इच्छिणाऱ्याला याहून चांगली पाठशाळा नाही.

चालू असलेल्या या गाभ्यात नवा भाग बसविण्याची सोय आहे. त्या भागास मॉड्यूल म्हणतात. यंत्र बंद न करता तो आत घालता येतो आणि काम झाल्यावर बाहेरही काढता येतो. परंतु ओसरीवरचा कार्यक्रम चुकला तर तो एकटा पडतो. गाभ्यातील मॉड्यूल चुकला तर सारे घर कोसळू शकते. आत गेलेल्या मॉड्यूलला गाभ्याचे सगळे अधिकार मिळतात. म्हणूनच तो घालण्याचा हक्क फक्त यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकाला असतो.

आता आपल्या कामाचा मॉड्यूल पाहू. उपकरण आले किंवा गेले की नोंद करावयाची, एवढेच त्याचे कर्तव्य. तो ‘सी’ नावाच्या संगणकीय भाषेत लिहितात आणि त्याची लांबी वहीच्या दोन पानांपेक्षा फारशी होत नाही. त्याचे चार अवयव आहेत.

पहिला अवयव प्रवेशाचा. मॉड्यूल आत घेतला जाताच गाभा हे कार्य एकदा चालवितो. येथे आपण यूएसबीच्या व्यवस्थेकडे जाऊन सांगावयाचे, ‘येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दी मला देत जा; मला हाक मारण्याचा पत्ता हा.’ या नाव नोंदविण्यास ‘यूएसबी-रजिस्टर-नोटिफाय’ असे कार्य गाभ्यात तयार आहे. आपण ते लिहावयाचे नाही, केवळ हाक मारावयाची.

दुसरा अवयव वर्दी ऐकण्याचा. कोणी आले वा गेले की गाभा या कार्याला हाक मारतो आणि दोन गोष्टी हाती देतो: काय घडले, आणि कोणाच्या बाबतीत घडले. ‘आले’ असेल तर त्या उपकरणाच्या ओळखपत्रातून निर्मात्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि असल्यास लिखित नाव वाचून गाभ्याच्या रोजनिशीत एक ओळ टिपावयाची. ‘गेले’ असेल तर तसेच. एवढे झाले की ‘ठीक’ असे उत्तर देऊन मोकळे व्हावयाचे. येथे रेंगाळणे बरे नव्हे, कारण आपल्यामागे दुसरेही कोणी त्याच वर्दीची वाट पाहत असतात.

तिसरा अवयव निरोपाचा. मॉड्यूल बाहेर काढला जाण्यापूर्वी गाभा हे कार्य चालवितो. येथे आपण नोंदविलेले नाव परत घ्यावयाचे. हे दिसते क्षुल्लक, पण सर्वांत महत्त्वाचे आहे. एखादे बिऱ्हाड पोस्टात न कळविता उठून गेले आणि मागे घर पाडले गेले, अशी कल्पना करा. टपालवाला जुन्या पत्त्यावर जातो. तेथे दार नाही, भिंत नाही, असतो तो खड्डा. नाव न काढता मॉड्यूल गेला, तर पुढच्या पेनड्राइव्हच्या वेळी गाभा त्याच रिकाम्या जागी हाक मारतो आणि ठेचकाळून पडतो. जे आरंभी मागून घेतले ते शेवटी उलट क्रमाने परत करावयाचे, हा गाभ्यातील लेखनाचा पहिला धडा होय.

चौथा अवयव परवान्याचा. मॉड्यूलच्या अखेरीस तो कोणत्या अटींवर इतरांस खुला आहे हे एका ओळीत लिहितात. लिनक्सचा गाभा सार्वजनिक परवान्याखाली आहे. वर्दीसाठी नाव नोंदविण्याचे जे कार्य आम्ही सांगितले, ते गाभा त्याच परवान्याशी सुसंगत मॉड्यूललाच हाती देतो. इतरांस ते सापडतच नाही. सर्वांच्या विहिरीचे पाणी घ्यावयाचे तर आपल्या आडाला कुलूप घालता येत नाही, असा हा न्याय आहे.

लिहून झाले की मॉड्यूलचे यंत्रभाषेत रूपांतर करावे लागते. हे रूपांतर आपल्या यंत्रावर चालू असलेल्या गाभ्याच्या नेमक्या आवृत्तीसाठीच करावे. दुसऱ्या आवृत्तीचा मॉड्यूल बहुधा दारातूनच परत पाठविला जातो. नव्या यंत्रांपैकी काही तर अधिकृत सही नसलेला मॉड्यूल मुळीच घेत नाहीत. मग ‘इन्समॉड’ या आज्ञेने तो आत घालावा, पेनड्राइव्ह लावावा आणि ‘डी-मेसेज’ या आज्ञेने रोजनिशी उघडून पाहावी. आपण लिहिलेली ओळ तेथे दिसते. पेनड्राइव्ह काढला की दुसरी ओळ येते. शेवटी ‘आरएम-मॉड’ या आज्ञेने मॉड्यूलला निरोप द्यावा. हा प्रयोग ज्यावर घरच्यांची कामाची कागदपत्रे आहेत अशा यंत्रावर कदापि करू नये. जुना, रिकामा संगणक घ्यावा, किंवा संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालविण्याची जी सोय असते ती वापरावी, आणि जाणत्या माणसास जवळ बसवावे.

प्रयोग करणाऱ्यास येथे दोन शंका येतात. पहिली ही की, आधीपासून लावलेल्या माऊसची नोंद का झाली नाही? त्याचे उत्तर सोपे आहे. नोंदवही आज उघडली. काल आलेल्यांची वर्दी तीत कशी असणार? त्यांची नावे हवी असतील तर हजर असलेल्या सर्व उपकरणांची गणती वेगळी करावी लागते, आणि त्यासाठीही गाभ्यात स्वतंत्र कार्य आहे. दुसरी शंका अशी की, हा मॉड्यूल आणि उपकरणाचा ड्रायव्हर यांत फरक कोणता? ड्रायव्हर म्हणजे त्या उपकरणाशी प्रत्यक्ष व्यवहार करणारा. तो गाभ्याकडे आपल्या ओळखीच्या क्रमांकांची एक यादी देऊन ठेवतो. यादीशी जुळणारा पाहुणा आला आणि त्याचा ताबा दुसऱ्या कोणी घेतलेला नसला, तर गाभा ड्रायव्हरला बोलावून ‘हा तुझा काय?’ असे विचारतो. त्याने होकार दिला की उपकरण त्याच्या स्वाधीन होते. आपला मॉड्यूल कोणाचाच ताबा घेत नाही. तो केवळ पाहतो आणि लिहितो.

येथे या विषयाचे मर्म आहे. आपल्या मॉड्यूलला वर्दी पोचते ती कधी? चौकशी पूर्ण होऊन, मान्यता मिळून, सामान्यतः ड्रायव्हरने ताबा घेतल्यानंतर. गिरणीच्या फाटकावरील रखवालदार वहीत गाडीचा क्रमांक लिहितो, पण त्याने लेखणी उचलली तेव्हा गाडी अंगणात जाऊन उभी राहिलेली असते. नोंद खरी असते. अटकाव मात्र झालेला नसतो. कळणे आणि रोखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जो विसरला त्याची वही सुंदर राहील आणि माल चोरीस जाईल.

याहूनही खोल गोष्ट अशी की, वहीत लिहिलेली ओळख उपकरणाने स्वतःच सांगितलेली असते. निर्मात्याचा क्रमांक, वर्ग, नाव, सारे त्याच्याच मुखातून आलेले. संगणक ‘तू खंयचो’ असे विचारतो. पण तुझ्या गावी माणूस पाठवून खात्री करीन, असे तो म्हणत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील लास व्हेगास येथे भरलेल्या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत कार्स्टेन नोल आणि याकोब लेल या जर्मनीतील संशोधकांनी याचा प्रत्यय दिला. पेनड्राइव्हच्या पोटात त्याचे वर्तन ठरविणारी एक लहान संहिता असते. ती बदलली तर बाहेरून पेनड्राइव्ह दिसणारी वस्तू ‘मी कीबोर्ड आहे’ असे सांगू शकते, हे त्यांनी दाखविले. कीबोर्डावर संगणकाचा पूर्ण विश्वास. त्याच्यामागे माणसाची बोटे आहेत असेच तो धरून चालतो. मग ती वस्तू मालकाच्या नावाने आज्ञा टंकित करू लागते आणि पडद्यासमोर बसलेल्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

वस्तू स्वतः प्रामाणिक असली तरी तिच्या पोटातील सामान दुष्ट असू शकते, हे २०१० मध्ये उजेडात आलेल्या स्टक्सनेट या संगणकीय कीटकाने जगास शिकविले. इराणमधील नातान्झ येथील अणुकेंद्राची यंत्रे त्याचे लक्ष्य होती. बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेल्या संगणकांपर्यंत तो यूएसबी साधनांतूनही पोचू शके. आणि माणसाचे कुतूहल या साऱ्यास किती साहाय्य करते! अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले. त्यांपैकी निदान ४५ टक्के कोणीतरी उचलून संगणकास लावले आणि आतील कागद उघडून पाहिले. हा वृत्तान्त २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुशिक्षितांच्या आवारातील हा प्रकार. मग रस्त्यावर सापडलेल्या पेनड्राइव्हचा मोह आपल्या गल्लीत किती होईल, हे सांगावयास नको.

भरतकामाच्या कारखान्यात एकच पेनड्राइव्ह दिवसातून अनेक यंत्रांना लावावा लागतो. तोच घरी येतो, तोच अर्ज भरणाऱ्याच्या दुकानात जातो. त्यातील नक्षी बिघडली तर त्या पाळीची मजुरी बुडते. घरची छायाचित्रे पुसली गेली तर ती पुन्हा मिळत नाहीत. म्हणून हा प्रश्न केवळ दूरदेशीच्या अणुकेंद्राचा नव्हे, आपल्या पोळीभाजीचाही आहे.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. लिनक्सच्या गाभ्यात प्रत्येक यूएसबी उपकरणापाशी ‘अधिकृत’ असा एक चौकोन असतो. नव्याने येणाऱ्यांसाठी तो आरंभीच शून्य ठेवण्याची आज्ञा व्यवस्थापक देऊ शकतो. मग पाहुणा आला तर दारातच थांबतो; त्याची ओळख वाचली जाते, पण कोणताही ड्रायव्हर त्याचा ताबा घेत नाही. माणसाने पाहून एक लिहिला की मगच आत प्रवेश. आपल्या नोंदवहीच्या मॉड्यूलला या कुलपाची जोड मिळाली की रखवालदाराच्या हाती लेखणीबरोबर अडसरही येतो. परंतु हे करताना आपला स्वतःचा कीबोर्ड तर बाहेर राहिला नाही ना, ते आधी पाहावे. नाही तर दाराची किल्ली घरात आणि मालक अंगणात, अशी स्थिती व्हावयाची. आणि अडसर असला तरी तो काढणारा हात माणसाचाच असतो. पाहुण्याने खोटे नाव सांगितले आणि आपण ते न पारखता मान्य केले, तर दोष अडसराचा नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र वापरणे ही एक पायरी, ते कसे चालते हे जाणणे ही दुसरी, आणि ते कोठे भोळे आहे हे ओळखणे ही तिसरी. पहिल्या पायरीवर आज सारे जग उभे आहे. दुसऱ्या पायरीसाठी मोठे भांडवल लागत नाही. जुना संगणक, फुकट मिळणारी प्रणाली, थोडे इंग्रजी आणि पुष्कळ चिकाटी एवढ्यावर काम भागते. वडोदऱ्याच्या विद्यार्थ्याने खोबण घडविण्यात हात लावला. तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांची वही लिहिणे भेस्तानच्या विद्यार्थ्यास अवघड का वाटावे? तिसरी पायरी मात्र नित्याच्या वागण्यातून चढावयाची आहे. सापडलेला पेनड्राइव्ह लावू नये, कारखान्याचा व घरचा वेगळा ठेवावा, महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी जपावी, आणि पडद्यावर नाव झळकले म्हणजे ओळख पटली असे समजू नये. हे नियम लहान आहेत. पण घरातील मोठ्या माणसांना ते समजावून सांगण्याचे काम आज तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडे सोपविता येण्याजोगे नाही.